बंद लाइनीतला करंट

१

परशराम लाटूकर करंट लागून मेला तेव्हा अख्ख्या वडगावात वीज नव्हती.

मंगळवार होता. लाइनीच्या कामासाठी दहा ते चार वीज बंद राहणार, हे आदल्या दिवशीच पेपरात आलं होतं. यंत्रमाग गप्प होते, आणि माग गप्प असले की वडगावची माणसं बोलायला लागतात. गल्लीतला एकही कट्टा रिकामा नव्हता. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी परशरामच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून बोंब उठली. लोक धावले. साठी ओलांडलेला परशराम एका जुन्या, मागून उघडलेल्या रंगीत टीव्हीसमोर पाटावरून कलंडून पडला होता. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती.

फौजदार आले. गल्लीत वीज नाही. त्यात परशरामच्या कामाच्या बोर्डाचा मेन स्विचही बंद. मग करंट आला कुठून? उत्तर गल्लीत तयारच होतं. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्ट साठून राहतात, वीज गेली तरी काचेत दबा धरून बसतात. वडगावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, कारण परशरामनंच तीस वर्षं हे सांगून पोरांना दुकानापासून लांब ठेवलं होतं. त्याच ट्यूबनं त्याला खाल्लं, असं ठरलं आणि लोक जेवायला गेले.

मी विद्युत निरीक्षक. बेळगावात करंटनं माणूस मेला की कागद माझ्या टेबलावर येतो. वर्षाला चाळीसेक येतात. मोटारीच्या स्टार्टरला चिकटलेले शेतकरी, मंडपाच्या पाइपाला चिकटलेले कार्यकर्ते, तारेवर धुणं वाळत घालणाऱ्या बायका. मी कुणासाठी रडत नाही. मेलेल्याचीच चूक होती असं लिहिणं हे आमच्या खात्यातलं सगळ्यात सोपं काम, कारण मेलेला माणूस अपील करत नाही. परशरामचा कागदही मी तसाच लिहायला घेतला होता. चार ओळी झाल्या होत्या, तेवढ्यात त्याची बायको शालूबाई येऊन टेबलासमोर उभी राहिली.

"बाईसाहेब, त्यांची चूक झाली असं लिवू नगासा."

"बसा आधी."

"बसाय न्हाय आलो मी. गल्लीत लोक हसाय लागल्यात. पोरास्नी भ्या दावाय जी ट्यूब दावली त्याच ट्यूबनं गिळला म्हनत्यात. पस्तीस वर्सं त्यांनी डावा हात पाठीमागं ठिवून काम केलं. कवा साधा झटका खाल्ला न्हाय. चुकनारा मानूस न्हवं त्यो."

डावा हात पाठीमागं हे जुन्या मेकॅनिकांचं व्रत असतं. दोन्ही हात यंत्रात घातले तर करंट एका हातातून दुसऱ्यात, म्हणजे छातीतून जातो. हल्लीच्या पोरांना हे कुणी शिकवत नाही. परशराम पाळत होता म्हणजे काम जाणणारा होता.

"शालूबाई, माणूस मेलाय म्हणजे कुणाची तरी चूक आहेच. त्यांची नसेल तर दुसऱ्या कुणाची तरी निघेल. चालेल?"

"कुनाची बी निगू द्या. खरं काय ते लिवा."

"कुणाचीही?"

"व्हय. कुनाची बी."

माणसं असं बोलतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शेजारी असतो. मला हे माहीत होतं. तरीही मी लिहिलेल्या चार ओळी खोडल्या, कारण एक गोष्ट मलाही खटकत होती. डॉक्टरांच्या कागदावर काळ्या बोटांखेरीज आणखी एक खूण होती. डाव्या पायाची टाच भाजली होती.

ट्यूबचा झटका माणसाला फेकतो, तो पायापर्यंत पोचून टाच भाजत नाही. एवढं सावकाश भाजायला खरी, चालू लाइन लागते.

२

परशरामचं घर म्हणजे पुढं दुकान, त्याच्या मागं स्वयंपाकघर आणि वर मुलाची खोली. दुकानात तो टीव्ही अजून तसाच होता. चाळीस वर्षांपूर्वीचा सेट, सागवानी कॅबिनेट, पडद्यावर ओढायची लाकडी झडप. परशरामनं लाकडाला पॉलिश करून आरशासारखं चकचकीत केलं होतं. मागून पाहिलं तर प्रत्येक जुना कपॅसिटर बदललेला, सोल्डरचा प्रत्येक डाग सारखा, एकही वायर वेडीवाकडी नाही. आमच्या खात्यातल्या एकाही माणसाला असं काम जमणार नाही, मला धरून.

सेटचा स्वतःचा स्विच मोडलेला होता आणि त्याच्या वायरी तात्पुरत्या थेट जोडल्या होत्या. दोन पिनांचा जुना प्लग भिंतीवरच्या बोर्डात काडी खोचून घट्ट बसवलेला.

"हा प्लग काढत नसत?" मी विचारलं.

"लई सैल हाय त्यो," शालूबाई म्हणाल्या. "काडला की परत बसवाय अर्दा तास. म्हनून सेटच्या पोटातलं काम ते मंगळवारी करायचे, लाइन बंद आसंल तवा. वर मेन बी पाडायचे. घरातली बटनं खोटी, खात्याचा बंद खरा, म्हनायचे."

मी खाली पाहिलं. पाटाखाली काळी रबरी चटई होती.

मुलगा जिना उतरून आला. युवराज, बत्तीस वर्षांचा, उद्यमबागच्या एका कारखान्यात रात्रपाळीला. त्याच्यामागं त्याची बायको प्रियदर्शनी, काखेत तीन महिन्यांचं बाळ.

"मी वर झोपलतो मॅडम," युवराज म्हणाला. "रात्रपाळी करून आलतो. बोंब ऐकून खाली आलो तर हे असं. ट्यूबचा करंट, दुसरं काय? साठून ऱ्हातोय त्यो."

"तुम्हाला हे काम येतं?"

"आप्पांच्या हाताखाली होतो, सहा वर्सांचा असल्यापासनं चौदा वर्सांचा हुईपतोर. मग सोडलं."

"का?"

"आवडत न्हवतं."

शालूबाईंना ते झोंबलं. "आवडत न्हवतं म्हनं! हात लई शाना हुता ह्येचा. ते म्हनायचे, पोरगं वाया गेलं, आता नातवाला शिकिवतो. बारशाला काय केलं म्हाईत हाय का बाईसाहेब? पाळन्यात स्क्रू ड्रायवर ठिवला, आनि बाळाच्या डाव्या मनगटाला लाल वायर बांदली. आतापासनं सवय, म्हनाले. समदी हसून हसून बेजार."

सांगताना त्या आत्ताही हसल्या. प्रियदर्शनीनं बाळ दुसऱ्या काखेत घेतलं आणि वर निघून गेली.

३

तो सेट वकील आशिष याळगींचा होता. टिळकवाडीतलं जुनं घराणं. वकिली वडिलांनी केली, हे नावाचेच वकील, आता कॉफीचं दुकान चालवतात. तरुण पोरं जुन्या टीव्हीसमोर बसून फोटो काढतात, म्हणून यांना बापाचा सेट चालू हवा होता.

"मंगळवारी मी गेलो होतो," ते आपण होऊन म्हणाले. "साडेबाराला. दहा मिनिटं थांबलो असेन. फार तिरसट माणूस. फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती, तर मला बूट बाहेर काढायला लावले. स्वतः अनवाणी पाय फरशीवर टेकून बसलेला. मी म्हटलं अहो, घाला काहीतरी पायात, तर म्हणाला ही माझी देवाची जागा."

"पायाखाली रबरी चटई नव्हती?"

"नाही. काळी चटई ना? ती बाहेर कट्ट्यावर वाळत टाकली होती, पाणी गळत होतं तिच्यातून. माझ्या सॉक्सवर पडलं, म्हणून लक्षात आहे."

म्हणजे मी पाहिली ती चटई मेल्यानंतर आत आली होती. एरवी तीस वर्षं पायाखाली असलेली चटई नेमकी त्या दिवशी धुतली गेली. मी वहीत लिहून घेतलं. टाच का भाजली ते कळलं होतं.

"तुमचं भांडण झालं?"

"भांडण कसलं, महिनाभर मी हेलपाटे घालतोय. एका पार्टसाठी अडून बसला होता. तो पडद्याला हाय व्होल्टेज देणारा काळा ट्रान्सफॉर्मर असतो बघा, एलओटी म्हणतात. तो जळला होता. नवा मिळत नाही म्हणून कोल्हापूरला एकाकडे गुंडाळून घ्यायला पाठवला होता. अजूनही तिथंच आहे."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे महिनाभर सेटमध्ये एलओटी नव्हता?"

"नाही. मॅडम, तो सेट महिनाभरात एकदाही लागलेला नाही."

ट्यूबमध्ये जो करंट साठतो तो त्या एलओटीतूनच येतो. तोच कोल्हापुरात. ट्यूब महिनाभर रिकामी होती. तिनं डास मेला नसता.

४

परशरामला पहिल्यांदा मेलेला पाहिला ज्योतिबानं. बोंब मारली ती त्यानंच. पलीकडच्या गल्लीत त्याचं एलईडी टीव्हीचं दुकान आहे. लहानपणी तो परशरामचा चेला होता. आठवड्यापूर्वीच परशरामनं चारचौघांत त्याला "बोर्ड बदलनारा न्हावी" म्हटलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि मला पाहून ज्योतिबानं उजवा हात खिशात घातला.

"हात बाहेर काढ."

अंगठ्याजवळ रुपयाएवढा फोड होता, सुकत आलेला.

"कशानं?"

"उस्तादास्नी उचलाय गेलो तवा टेबलावरच्या डागायच्या इस्त्रीवर हात टेकला. कुनाला सांगितलं न्हाय मी. लोक म्हनतील, ह्येनंच काय तरी केलं."

"कुठं गेला होतास तिथं?"

"करंट मोजायचा मीटर मागाय. माझा बंद पडलाय. शिव्या देतील, खरं मीटर देतील, म्हनून गेलतो."

मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याला वाटलं मला खोटं वाटतंय. पण हा फोड खोटा असता तर मला आवडलं असतं. दहा वाजता लाइन गेली होती. डागायची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, विजेवर चालते. वीज गेली की दहा-पंधरा मिनिटांत गार होते. एक वाजून वीस मिनिटांनी ती चामडी भाजण्याइतकी गरम होती. म्हणजे बंद गल्लीत, बंद मेनखाली, परशरामचा तो एकटा बोर्ड थोड्या वेळापूर्वीपर्यंत चालू होता. कुणीतरी तो चालू केला, आणि ज्योतिबा येण्याआधी बंदही केला.

"ज्योतिबा, तू चेला होतास. परशराम शिकवायचा कसा?"

त्यानं डावा हात पाठीमागं नेऊन दाखवला. "वायरनं बांदायचे. पाठीमागं, पॅन्टीच्या पट्ट्याला. दिवसभर. आनि डाग चुकला, पार्ट उलटा बसला, की म्हनायचे, ठेव बोट पत्र्यावर."

"चालू सेटच्या?"

"व्हय की. त्या काळच्या सेटांचा आतला पत्रा लाइनीलाच जोडलेला. चटईवर हुबं करायचे म्हनून मरायचं न्हाय, खरं हाडं वाजायची. बोट उचलायचं न्हाय, ते पाच मोजस्तवर. करंट खाल्ल्याबिगर हात शाना हुत न्हाय, म्हनायचे. मी परका. दोन वर्सांत पळून गेलो. युवराज कुटं पळनार? आट वर्सं हुता."

"आणि शालूबाई?"

"शालूअक्का मधलं दार लावून घ्यायच्या."

"का?"

"आवाज भाईर जाऊ ने म्हनून." त्यानं फोडावर फुंकर घातली. "तसं माग चालू आसल्यावर काय ऐकू बी येत न्हाय."

परशरामच्या एकसारख्या, सुबक डागांचं मला आदल्या दिवशी कौतुक वाटलं होतं. त्यांचीच मला आता शिसारी आली.

५

लाटूकरांच्या समोरच्या कट्ट्याची मालकीण अंबुबाई. वय पंचाहत्तर, नजर घारीची. मंगळवारी सकाळपासून तिथं अकरा माणसं बसली होती, आणि अकराही जणांनी एकच सांगितलं, कारण माग बंद असताना बघायला दुसरं काही नव्हतं.

"वकील साडेबाराला आला, पावनेएकला गेला," अंबुबाई म्हणाल्या. "त्येच्या मागनं परशराम वरडला, दार लोटून जा म्हनून. म्हंजे जित्ता हुता. मग कोन बी आत गेलं न्हाय. एक वाजून गेल्यावर ज्योतिबा गेला, आनि पाय ठिवला ठिवला तवाच बोंब मारली."

"शालूबाई कुठं होत्या?"

"हितंच, माज्या शेजारी. चटई धुवून आली ती बसलीच. सून पोराला डोस टोचाय गेलती दवाखान्यात, ती दोनला आली."

"मागनं यायला वाट आहे?"

"मागं भित्ताड हाय की वो. मांजर सुदीक येत न्हाय."

मी मागचं परसू पाहायला गेले. भिंत दहा फूट, वर काचा. खरंच मांजर येत नव्हतं. पण परसात मला जे दिसलं त्यानं माझं टाळकं सटकलं. बाळाची दुपटी आणि लंगोट एका वायरीवर वाळत घातले होते. वायरीवर धुणं! तीस वर्षं गावोगाव घसा कोरडा केला, आणि करंटनं माणूस मेलेल्या घरात पुन्हा तेच.

"ही वायर कुणी बांधली?" मी ओरडलेच.

"युवराजनं," शालूबाई आतून म्हणाल्या. "मंगळवारीच सांजचं. दुपटी वाळवाय दोरी न्हवती. नवी हाय बाईसाहेब, चांगली."

ती सोडून टाकावी म्हणून मी दुपटी बाजूला सारली आणि टोक हातात घेतलं. चार मीटर नवी वायर. टोकाला तांबं उघडं, आणि ते बारीक आकड्यासारखं वाकवलेलं, स्क्रूखाली दाबल्याचा चपटा वळ असलेलं. प्लगमध्ये बसवलेल्या वायरीचं टोक असंच असतं. म्हटलं, असेल जुन्या पंख्याची. मग दुसरं टोक पाहिलं.

तिथंही तोच आकडा, तोच चपटा वळ.

पंख्याच्या वायरीला प्लग एकाच टोकाला असतो. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर कुठल्याही यंत्राची नसते. ती एकाच कामासाठी करतात: चालू सॉकेटातली वीज दुसऱ्या, बंद सॉकेटात ढकलायला.

मी स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात इन्व्हर्टर गुणगुणत होता. त्याच्या वरचं सॉकेट वीज गेली तरी चालू राहतं. तिथून दुकानाच्या मधल्या दारापर्यंत पावलं मोजली. दाराला लागून आत परशरामचा बोर्ड, आणि टीव्हीसमोर बसलेल्या माणसाची त्या बोर्डाकडं पाठ. वायर पुरत होती, वर हातभर उरत होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फौजदारांना घेऊन गेले. ते दुकानाच्या पायरीवर थांबले. आत शालूबाई, युवराज, आणि मधल्या दारात बाळाला घेऊन प्रियदर्शनी. शालूबाईंनी मला चहा केला होता. मी तो घेतला नाही.

"शालूबाई, तुमच्या नवऱ्याची चूक नव्हती," मी म्हटलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी म्हनत न्हवतो?"

"ट्यूब रिकामी होती. तिला करंट देणारा पार्ट महिनाभर कोल्हापुरात आहे. पण गल्लीत वीज नसताना हा बोर्ड चालू होता. ज्योतिबाचा हात इस्त्रीवर भाजला तो म्हणूनच. वीज आली तुमच्या इन्व्हर्टरची. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर, एक टोक स्वयंपाकघरात, दुसरं या बोर्डात. परशराम सेटमध्ये उजवा हात घालून बसले होते. आतला पत्रा जिवंत झाला."

"खरं मेन तर पाडल्याला हुता," शालूबाई म्हणाल्या.

"पाडला होता म्हणूनच मेले. मेन चालू असता तर त्या एवढ्याशा इन्व्हर्टरची वीज सगळ्या वडगावात पसरायला गेली असती आणि तो तिथल्या तिथं बंद पडला असता. मेन पाडल्यामुळं ती या बोर्डातच कोंडली. ते मेन पाडतात आणि प्लग काढत नाहीत, हे ज्याला ठाऊक होतं त्यानं हे केलंय. चटई असती तरी वाचले असते. ती कुणी काढली?"

"मीच. धुतली मी."

"तीस वर्षांत कधी मंगळवारी कामाच्या वेळी धुतली होती?"

"न्हाय. वास याय लागला, धू म्हनून..." आणि त्या थांबल्या.

"कोण म्हणालं, शालूबाई?"

त्यांनी युवराजकडं बघितलं नाही. कुठंच बघितलं नाही.

"वकील गेल्यावर परशराम जिवंत होते," मी पुढं बोलत राहिले, कारण थांबले असते तर मलाच पुढं बोलवलं नसतं. "ज्योतिबानं पाय ठेवताक्षणी बोंब मारली. तुम्ही कट्ट्यावर, सूनबाई दवाखान्यात. घरात एकच माणूस होता. आणि युवराज, तुम्ही आठ वर्षं या पाटावर काढलीत. एलओटी नसलेल्या सेटची ट्यूब रिकामी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्योतिबालाही ठाऊक आहे, म्हणून तो एकदाही ट्यूब म्हणाला नाही. गल्ली म्हणाली ती अडाणीपणानं. तुम्ही मात्र जाणूनबुजून म्हणालात."

मला वाटलं होतं तो कांगावा करील. त्यानं डावा हात पाहिला, मग खाली सोडला.

"बारशादिवशी त्येच्या मनगटात वायर बांदली," तो म्हणाला. "समदी हसली. मी आईकडं बघितलं. म्हटलं ही तरी सोडवंल. आई बी हसली."

"युवराज," प्रियदर्शनी म्हणाली. एवढंच.

"ह्येला बी सहाव्या वर्सी पाटावर बसवतो म्हनाले. मी न्हाय म्हटलं, तर म्हनाले, तुला इचारतोय कोन? आप्पा पाच मोजायचे मॅडम. मी बी मोजलं."

"किती?"

"शंभर. मग प्लग काडला."

परशरामची मला कीव आली नाही, हे इथं लिहून ठेवते. पण वायर ओढून दाराआड शंभर मोजत उभा राहिलेला हा माणूस बापाकडूनच शिकला होता, आणि चांगला शिकला होता. डाग न चुकवता त्यानं काम केलं होतं.

शालूबाई उठल्या आणि माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "वायर मी लावली. लिवा बाईसाहेब. चटई बी मीच काडली, वायर बी मीच लावली."

"तुम्ही अंबुबाईच्या कट्ट्यावर होता. अकरा माणसं सांगतील."

"मग ट्यूबनं मेले लिवा. त्यांचीच चूक झाली म्हना. हसू देत लोक. तुमचं काय जातंय?"

माझं खरंच काही जात नव्हतं. चार ओळी आधीच लिहून झाल्या होत्या, पुन्हा लिहायला पाच मिनिटं लागली असती. बाईनं माझे पाय धरले. मी पाय मागं घेतले. मला तेव्हा तिच्या हुंदक्यांचा राग आला होता, आणि तो राग अजून गेलेला नाही.

"आई, ऊठ," युवराज म्हणाला. आवाजात ना माया ना राग. "तवा मधी पडली न्हाईस. आता कशाला पडतीस?"

तो फौजदारांबरोबर बाहेर गेला. माग सुरू झाले होते. समोरच्या कट्ट्यावर कोणी नव्हतं.

७

अहवालाची प्रत मयताच्या वारसाला द्यायची असते. पोस्टानं पाठवता येते, पण ही मी स्वतः घेऊन गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आमचे अहवाल कन्नडमध्ये असतात. शालूबाईंना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. घरात ते वाचणारं आता एकच माणूस होतं. प्रियदर्शनीनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं, कागद घेतला आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागली. तिचा आवाज एकदाही हलला नाही.

"मयत परशराम लाटूकर यांची या घटनेत कोनतीबी चूक न्हवती," तिनं सांगितलं.

शालूबाई बाळाला थोपटत होत्या. "परत वाच ती वळ."

तिनं परत वाचली.

"म्होरं काय लिवलंय?"

प्रियदर्शनीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही. जे घडलं तेच मी लिहिलं होतं, क्रमानं, नावांसकट.

"म्होरं तुमचं नाव हाय, आत्ती," ती म्हणाली, आणि तेही तिनं वाचून दाखवलं. चटई कुणी काढली, कुणाच्या सांगण्यावरून काढली, आणि का ते न विचारता काढली. मग कागदाची घडी घालून तो त्यांच्याजवळ ठेवला आणि मांडीवरून बाळ उचललं. दुपारच्या गाडीनं ती गुंजीला माहेरी जाणार होती, पिशव्या दाराशी भरून ठेवलेल्या होत्या. ती कधी येणार हे शालूबाईंनी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.